कोष्टकांची ओढाताण



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजच्या तारखेपुढे ‘कोष्टकांची ओढाताण’ हे शब्द वाचून काही मंडळींनी पाढ्यांची आठवण काढली असेल, तर काहींना वाटले असेल की महिन्याच्या जमाखर्चाविषयी वक्ता चार शब्द बोलणार. दोन्ही तर्क स्वाभाविक आहेत. पण माझा विषय त्याहून लहान आहे आणि रोज आपल्या हातात असलेला आहे. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर आपण जी पाने वाचतो, त्यांत कोष्टके असतात : बाजारभावांची, परीक्षेच्या निकालांची, गाड्यांच्या वेळांची, मतमोजणीची. आखणाऱ्याने ती नीटनेटकी आखलेली असतात. तरीही पाहणाऱ्याच्या पडद्यावर ती ताणली जातात. एखादा रकाना फुगतो, शेजारचा चिमटतो आणि शेवटचा तर पडद्याबाहेरच पडतो. असे का होते आणि त्यावर इलाज काय, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आता कोणी म्हणेल, हा कारागिरांचा प्रश्न आहे, तो त्यांनी आपसांत सोडवावा. त्यासाठी गावच्या मंडळींना उन्हाळ्याच्या संध्याकाळी कशाला बसवून ठेवायचे? याचे उत्तर मी बाजारभावाच्या कोष्टकापासून देतो, कारण वऱ्हाडात तरी या कोष्टकाची थोरवी कोणाला पटवून द्यावी लागणार नाही.

आपल्या या प्रांताने शेतमालाच्या बाजाराला नियम लावण्याच्या कामी देशाला वाट दाखविली आहे. कारंज्याचा कापसाचा बाजार १८८६ साली नियमांखाली आला. आज कारंजे वाशीम जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. पुढे १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्या वेळी वऱ्हाड नावाने निजामाचे असले तरी कारभार इंग्रज रेसिडेंटाच्या हाती होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात मिळावा हा राज्यकर्त्यांचा हेतू त्यात होता, हे उघड आहे. परंतु अडत्या कोण, मापारी कोण, त्यांनी कसे वागावे, याला काही बंधन पडले आणि बाजाराच्या देखरेखीसाठी समिती आली, हेही तितकेच खरे. ज्या प्रांतात बाजार उघड्यावर आणण्याची ही खटपट इतक्या आधी झाली, तेथे भाव दिसणे आणि न दिसणे यांतला फरक कोणाला समजावून सांगावा लागू नये.

पूर्वी भाव फळ्यावर खडूने लिहिला जाई, आता तो मोबाइलवर येतो. त्या कोष्टकाचे रकाने आपल्या ओळखीचे आहेत. पहिला बाजार समितीचा, दुसरा जात किंवा प्रत, तिसरा परिमाण, चौथा आवक, पाचवा कमीत कमी दर, सहावा जास्तीत जास्त दर आणि सातवा सर्वसाधारण दर. शेतकऱ्याला खरे पाहायचे असते ते सातव्या रकान्यात. कमीत कमी दर कदाचित एखाद्या भिजलेल्या ढिगाला मिळालेला असतो, जास्तीत जास्त दर एखाद्याच निवडक मालाला. आपल्या मालाला साधारण काय मिळेल, ते सर्वसाधारण दरावरून कळते. आणि कोष्टक ताणले गेले की पडद्याबाहेर नेमका हाच रकाना पडतो.

समजा, दर्यापूरच्या किंवा तेल्हाऱ्याच्या एखाद्या शेतकऱ्याजवळ वीस क्विंटल तूर आहे. त्या दिवशी बाजारात कमीत कमी दर ६,५००, जास्तीत जास्त ७,४०० आणि सर्वसाधारण ७,१०० रुपये आहे. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. मोबाइलवर त्याला पाच रकाने दिसतात, सहावा कडेला अर्धवट कापला गेलेला असतो आणि सातवा असल्याची खूणही नसते. जो आकडा शेवटी दिसला तोच भाव, असे समजून तो ६,५०० धरतो. दाराशी आलेल्या व्यापाऱ्याने ६,६०० म्हटले की त्याला शंभर रुपये जास्तच मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात क्विंटलमागे पाचशे, म्हणजे वीस क्विंटलांवर दहा हजार रुपये त्याने सोडलेले असतात. येथे व्यापारी खोटे बोललेला नाही, समितीने खोटा आकडा दिलेला नाही. खोटे बोलले ते कोष्टक, आणि तेही एक शब्द न उच्चारता. म्हणून मी म्हणतो, राजेहो, हा प्रश्न केवळ कारागिरांचा नाही.

आता हे कोष्टक ताणले का जाते, ते पाहू.

जुन्या छापखान्यात हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटत असे. कंपोझिटर खिळे जुळवायला बसला की आधी रकान्याचे माप ठरवी. उभ्या ओळींसाठी पितळी पट्ट्या कापून ठेवी. त्या पट्टीला टेकल्यावर खिळे पुढे सरकत नसत. मजकूर जास्त झाला तर तो बारीक टाइप घेई, शब्द तोडून खालच्या ओळीत नेई, नाही तर लेखकाकडे निरोप पाठवी की शब्द आखूड करा. धातूला ताण माहीत नव्हता. माप मालक होते आणि मजकूर नोकर. पंचांगासारखे दाट कोष्टकांचे पुस्तकही त्यामुळे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका मापात राही.

पडद्यावरच्या पानाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे पान आखणाऱ्याला वाचकाच्या पडद्याची रुंदी ठाऊकच नसते. कोणी मोठ्या संगणकावर पाहतो, कोणी तळहाताएवढ्या मोबाइलवर. तेव्हा रुंदी ठरविण्याचे काम ब्राउझर नावाच्या कार्यक्रमाकडे सोपविलेले असते, आणि तो ती मजकुराला विचारून ठरवितो. येथे मजकूर मालक होतो आणि माप नोकर. सगळ्या ओढाताणीचे मूळ येथे आहे.

ब्राउझर मजकुराला काय विचारतो? ओसरीवर पंगत बसायची आहे अशी कल्पना करा. ओसरीची लांबी ठरलेली आहे. यजमान प्रत्येकाला दोन प्रश्न विचारतो. ‘अगदी ऐसपैस बसायचे तर तुम्हांला किती जागा लागेल?’ आणि ‘अगदी अंग चोरून बसायचे तर किमान किती लागेल?’ सगळ्यांच्या ऐसपैस जागांची बेरीज ओसरीत मावली तर प्रश्नच मिटला. ती मावत नसेल, पण किमान जागांची बेरीज मावत असेल, तर प्रत्येकाला किमान जागा देऊन उरलेली ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटली जाते. परंतु किमान जागांची बेरीजच ओसरीपेक्षा जास्त झाली तर? घरचा यजमान अशा वेळी दोन पंगती करील. ब्राउझर तसे करीत नाही. तो पंगत ओसरीबाहेर अंगणात नेतो, आणि जे अंगणात बसले त्यांच्याकडे वाढपी जात नाही.

आता कोष्टकातल्या रकान्याची ही किमान जागा कशावरून ठरते? त्या रकान्यातला जो सर्वांत रुंद न मोडणारा तुकडा असेल त्यावरून. मजकूर किती आहे याला महत्त्व नाही. तो मोडता येतो की नाही याला आहे. शंभर शब्दांचा परिच्छेद अरुंद रकान्यात सुखाने उतरत जातो, कारण दोन शब्दांमध्ये मोकळी जागा आहे आणि तेथे ओळ मोडता येते. पण एकच लांब शब्द अडून बसला की त्याच्यासाठी संपूर्ण रकाना, वरपासून खालपर्यंत, रुंद करावा लागतो.

आपल्याच दोन जिल्ह्यांतल्या तालुक्यांची नावे घ्या. अमरावतीचे चौदा आणि अकोल्याचे सात, मिळून एकवीस. या नावांचा एक रकाना करायचा आहे. सर्वांत जास्त जागा कोण खाईल? पाहताक्षणी वाटते, नांदगाव खंडेश्वर. आठ अक्षरांचे नाव आहे. पण त्याच्या मध्ये मोकळी जागा आहे. ‘नांदगाव’ वरच्या ओळीत, ‘खंडेश्वर’ खालच्या ओळीत, आणि चार अक्षरांच्या रुंदीत काम भागले. उलट मूर्तिजापूर आणि बार्शीटाकळी ही नावे पाचच अक्षरांची. पण ती जोडून लिहिलेली असल्यामुळे मोडत नाहीत आणि पाच अक्षरांची जागा अडवून बसतात. म्हणजे आठ अक्षरांच्या पाहुण्याने नमते घेतले आणि पाच अक्षरांचा पाहुणा अडून राहिला. कोष्टकात दोष शोधायचा तो या दृष्टीने शोधायचा असतो. सर्वांत मोठा कोण, हा प्रश्न चुकीचा आहे; सर्वांत न मोडणारा कोण, हा बरोबर आहे.

मराठीला ही अडचण इंग्रजीपेक्षा थोडी अधिक जाचते. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात, सामासिक शब्द आपण जोडून लिहितो. ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘सर्वसाधारण’, ‘अभियांत्रिकी’, ‘जिल्हाधिकाऱ्यांकडून’ असे शब्द रकान्याच्या डोक्यावर बसले की खाली दोन अंकांचा आकडा असला तरी रकाना त्यांच्या मापाचा होतो. बाजारभावाच्या कोष्टकात हेच घडते. ‘कमीत कमी दर’ हे तीन आखूड शब्द आहेत, ते एकाखाली एक बसतात. ‘सर्वसाधारण’ हा सहा अक्षरांचा एकच शब्द आहे. त्याच्या खालचा आकडा मात्र चारच अंकी. रकान्याला फुगवतो तो आकडा नव्हे, मथळा. आणि स्वतः फुगलेला हाच रकाना शेवटी असल्यामुळे पडद्याबाहेर जातो.

आपण हिशेब मांडून पाहू. मोबाइलच्या पडद्याची रुंदी ३६० मापे धरा. पुष्कळ मोबाइलांची ती तेवढीच असते. सात रकान्यांच्या किमान जागा अशा समजा : बाजार समिती ९५, जात ६०, परिमाण ७०, आवक ५०, कमीत कमी दर ६०, जास्तीत जास्त दर ७५ आणि सर्वसाधारण दर १००. बेरीज ५१०. पडद्यापेक्षा १५० जास्त. पहिले पाच रकाने ३३५ मापांत बसतात. उरलेल्या २५ मापांत सहाव्याचा थोडा तुकडा दिसतो. सातव्याला जागा शून्य. हे ध्यानात ठेवा, कारण इलाज सांगताना मी याच हिशेबाकडे परत येणार आहे.

त्याआधी दोन शब्द इतिहासाचे सांगितले पाहिजेत, कारण आजची पुष्कळशी गैरसोय त्या इतिहासातून आलेली आहे. महाजालाची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली मांडली. हेतू असा की शास्त्रज्ञांनी आपली टिपणे एकमेकांना वाचायला द्यावीत. त्या पानांत मथळे होते, परिच्छेद होते, दुवे होते. सजावट फारशी नव्हती. १९९५ साली नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरात कोष्टके दिसू लागली आणि १९९७ च्या जानेवारीत पानांच्या भाषेच्या अधिकृत नियमांत त्यांना स्थान मिळाले. कोष्टक आले ते आकड्यांसाठी. पण पाने सजविणाऱ्यांनी पाहिले की मजकुराशेजारी मजकूर, चित्राशेजारी यादी मांडायची तर हे एकच साधन हाती आहे. मग त्यांनी संपूर्ण पानच कोष्टकात बसविले. डावीकडे अनुक्रमणिका, मध्ये लेख, उजवीकडे जाहिरात, वर संस्थेचे नाव. सगळी कोष्टकाची घरे, आणि घरांत पुन्हा कोष्टके.

पान सजविण्यासाठी वेगळी भाषा असावी ही सूचना हाकोन व्हिउम ली यांनी १९९४ सालीच केली होती आणि तिचे पहिले नियम १९९६ च्या डिसेंबरात प्रसिद्धही झाले. परंतु ब्राउझरांनी ती नीट अंगी आणायला बरीच वर्षे घेतली. तोपर्यंत कोष्टकांवरच संसार चालला. रकाना कोसळू नये म्हणून त्यात एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र हव्या त्या रुंदीला ताणून, टेकू दिल्यासारखे लावून ठेवीत. त्या काळी बांधलेली आणि नंतर केवळ रंग बदललेली पाने आजही कोठे कोठे भेटतात.

अशा पानांत ताण आडवा तर असतोच, पण उभाही असतो. कोष्टकातली ओळ तिच्यातल्या सर्वांत उंच घराएवढी उंच होते, हा नियम आहे. डावीकडे एक उंच घर तीन ओळींना मिळून दिलेले असेल, आणि उजवीकडे तीन ओळींत एकाच चित्राचे तीन कापलेले तुकडे बसविलेले असतील, तर डाव्या घरातला मजकूर वाढला की ती वाढ तिन्ही ओळींत वाटली जाते. परिणाम असा की उजवीकडच्या चित्राचे तुकडे एकमेकांपासून सुटतात; मूर्तीचे मस्तक वर, धड मध्ये, पाय खाली. यावर साधा इलाज असा की शेवटी एक रिकामी ओळ ठेवावी, चित्रांच्या ओळींना ठरावीक उंची द्यावी आणि वाढ या रिकाम्या ओळीने झेलावी. किंवा त्याहून चांगले म्हणजे डावा आणि उजवा भाग एका कोष्टकात अडकवूच नयेत.

याच प्रकारातली एक बारीक फट अनेकांना छळते. घराची उंची चित्राएवढीच ठरविलेली असते, तरी चित्राखाली चार-पाच ठिपक्यांची पट्टी उरते. कारण असे की ब्राउझर चित्राला एक मोठे अक्षर समजून ओळीत बसवितो, आणि अक्षराच्या पायाखाली उकार, ऊकार, ऋकारासाठी जागा राखून ठेवतो. चित्राला उकार नसतो, पण जागा राहते. चित्र हे अक्षर नसून स्वतंत्र ठोकळा आहे, एवढे ब्राउझरला सांगितले की फट नाहीशी होते.

आता इलाजांकडे वळतो. पहिला इलाज निदानाचा आहे. कोष्टक ताणले की लोक प्रत्येक रकान्याला रुंदीचे आकडे घालू लागतात. हा रोग न तपासता औषध देण्याचा प्रकार झाला. स्वयंचलित कोष्टकात तुम्ही दिलेली रुंदी म्हणजे विनंती असते, आज्ञा नव्हे; न मोडणारा तुकडा त्याहून रुंद असला तर विनंती बाजूला पडते. म्हणून आधी सगळ्या घरांना तात्पुरत्या रेघा काढाव्या, म्हणजे फुगलेला रकाना दिसेल. मग त्यातला न मोडणारा तुकडा शोधावा. तो लांब शब्द असेल, एखादा लांबलचक दुवा असेल, मोठे चित्र असेल, किंवा दिसायला मोकळी पण न मोडणारी जागा असेल. ही शेवटची फार फसवी असते. दुसरीकडून मजकूर उचलून आणताना ती गुपचूप सोबत येते. डोळ्याला दोन शब्द दिसतात, ब्राउझरला एकच दिसतो.

दुसरा इलाज शब्दाला मोडण्याची जागा देण्याचा. ‘बार्शी’ आणि ‘टाकळी’ यांच्यामध्ये डोळ्याला न दिसणारी मोडीची खूण घालता येते. जागा असेल तेथे नाव अखंड दिसते, नसेल तेथे बरोबर त्याच ठिकाणी मोडते. सरसकट कोठेही मोडा अशी आज्ञाही देता येते, पण मग नाव ‘बार्शीटा’ आणि ‘कळी’ असेही मोडू शकेल, आणि ते गावकऱ्यांना रुचणार नाही. शिवाय या आज्ञेचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत फरक आहे. ‘ब्रेक-वर्ड’ म्हटले तर शब्द बाहेर जाऊ लागल्यावर मोडतो, पण किमान जागा मोजताना तो अखंडच धरला जातो. म्हणून स्वयंचलित कोष्टकात ताण तसाच राहतो. ‘एनीव्हेअर’ म्हटले तर किमान जागा मोजतानाही मोड हिशेबात घेतली जाते. काम करणाऱ्या तरुण मंडळींनी हा भेद अवश्य ध्यानात ठेवावा. पुष्कळ तास वाचतील.

तिसरा इलाज म्हणजे कोष्टकाला कंपोझिटरची शिस्त लावणे. १९९८ च्या मे महिन्यात सजावटीच्या भाषेचे दुसरे नियम आले, त्यांत कोष्टकाच्या मांडणीचे दोन प्रकार सांगितले : स्वयंचलित आणि स्थिर. स्वयंचलित प्रकार कसा चालवावा हे बरेचसे ब्राउझरांच्या मर्जीवर सोडले होते. म्हणून एकच कोष्टक दोन ब्राउझरांत दोन तऱ्हेचे दिसे. स्थिर प्रकार मात्र नेमका सांगितला. कोष्टकाची एकूण रुंदी द्यायची, रकान्यांची वाटणी वरच सांगायची किंवा ती पहिल्या ओळीवरून ठरवू द्यायची, आणि पुढच्या ओळींत काहीही आले तरी ती बदलायची नाही. पहिल्या पंगतीला पाट मांडले, आता पुढच्या पंगतींना तेच पाट. याचा आणखी एक लाभ असा की ब्राउझरला संपूर्ण कोष्टक वाचेपर्यंत थांबावे लागत नाही, आणि हजार ओळींचे कोष्टकही लवकर दिसू लागते. चित्राला ‘घरापेक्षा मोठे होऊ नकोस’ असे सांगितलेले अनेकदा स्वयंचलित कोष्टकात निष्फळ ठरते, कारण तेथे घराची रुंदीच चित्रावरून ठरत असते. स्थिर कोष्टकात ते लागू पडते.

परंतु शिस्तीचाही दोष असतो. एकूण रुंदी सांगितली नाही तर स्थिर मांडणी लागू होत नाही. आणि ती लागू झाल्यावर लांब शब्द मोडायची सोय केली नाही, तर तो आपल्या घरातून बाहेर येऊन शेजाऱ्याच्या आकड्यावर पसरतो. ताणलेले कोष्टक निदान वाचता येते. एकमेकांवर चढलेले तेही येत नाही. म्हणून तिसरा इलाज दुसऱ्याबरोबरच घ्यावा, एकटा घेऊ नये.

चौथा इलाज म्हणजे कोष्टकाला त्याचे मूळ काम परत देणे. आकड्यांसाठी कोष्टक, आणि पानाच्या मांडणीसाठी दुसरी साधने. २०१७ च्या मार्चपासून प्रमुख ब्राउझरांत ‘ग्रिड’ नावाची चौकटींची पद्धत आली आहे. ई-पत्रांची सजावट करणारे अजूनही पुष्कळदा कोष्टकाचाच आधार घेतात, पण पानांना आता ती गरज राहिलेली नाही. यात दृष्टिहीन वाचकांचेही हित आहे. त्यांच्यासाठी पान मोठ्याने वाचणारे कार्यक्रम कोष्टकात मथळा कोणता आणि आकडा कोणता हे पाहून वाचतात. आकड्यांचे कोष्टक मथळ्यांसह नीट बांधलेले असेल, तर ‘सर्वसाधारण दर, ७,१००’ असे त्यांच्या कानी पडते. सजावटीसाठी उभारलेल्या पोकळ घरांतून त्यांना उगीच फिरावे लागते.

पण कोष्टक सोडले म्हणजे ओढाताण संपली, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. नव्या पद्धतीतही चौकटीला ‘तुझा एक वाटा’ असे सांगितले तरी तिची किमान जागा मजकूरच ठरवितो. ‘किमान शून्य धर’ असे वेगळे सांगावे लागते. साधन बदलले तरी पंगतीचा प्रश्न तोच राहतो. जागा अपुरी पडली तर नमते कोणी घ्यायचे, हे आखणाऱ्याने आधी ठरवावे. त्याने ठरविले नाही तर ब्राउझर ठरवील, आणि ब्राउझरला सर्वसाधारण दराचे महत्त्व ठाऊक नाही.

आता त्या हिशेबाकडे परत येऊ. किमान जागांची बेरीज ५१०, पडदा ३६०. परिमाणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ ‘क्विंटल’ हाच शब्द आहे. सगळ्या ओळींत एकच परिमाण असेल तर ते कोष्टकाच्या मथळ्यात एकदा लिहावे : ‘दर रुपये प्रति क्विंटल, आवक क्विंटलमध्ये’. ७० मापे वाचली. मालाची जात बाजार समितीच्या नावाखाली त्याच घरात बारीक अक्षरांत लिहावी. ६० वाचली. ‘सर्वसाधारण’ या शब्दात ‘सर्व’ नंतर मोडीची खूण द्यावी, म्हणजे तो दोन ओळींत बसेल. त्यात सुमारे ४० वाचली असे धरू. बेरीज आली ३४०. पडद्यात कोष्टक मावले आणि वीस मापे उरलीही. एकही आकडा गाळावा लागला नाही, अक्षर बारीक करावे लागले नाही. जे केले ते एवढेच की, प्रत्येक रकान्याला विचारले, ‘तुम्ही येथे कशासाठी बसला आहात?’

ज्या कोष्टकाला वीस-वीस रकाने असतील तेथे हे जमणार नाही, हे मला मान्य आहे. तेथे कोष्टकाला स्वतःच्या चौकटीत आडवे सरकू द्यावे. पण मग पहिला रकाना, म्हणजे गावाचे नाव, जागच्या जागी स्थिर ठेवावा. नाही तर सरकताना कोणता आकडा कोणत्या गावाचा हेच कळत नाही. उजवीकडे आणखी रकाने आहेत ही खूण ठसठशीत असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, वाचक ज्यासाठी येतो तो रकाना नावाच्या लगेच शेजारी आणावा. सर्वसाधारण दर सातवा असावा असा काही धर्मशास्त्राचा नियम नाही. कागदावर बेरीज किंवा निष्कर्ष उजव्या टोकाला लिहायची आपली जुनी सवय आहे आणि कागदावर ती योग्यही आहे, कारण कागदाचे उजवे टोक डोळ्यांसमोर असते. मोबाइलच्या पडद्याचे उजवे टोक बहुधा अंधारात असते.

श्रोतेहो, आपल्यापैकी फार थोडे लोक पाने आखतात, पण वाचतो आपण सगळेच. म्हणून वाचणाऱ्यांसाठीही दोन सूचना करतो. मोबाइलवर कोष्टक दिसले की ते बोटाने डावीकडे सरकवून पाहावे. पलीकडे काही दडलेले आहे का याची खात्री करावी. मोबाइल आडवा धरल्यानेही दोन रकाने जास्त दिसतात. आणि आकड्याला भाव म्हणण्यापूर्वी त्याच्या डोक्यावरचा मथळा वाचावा. ज्या संस्थांची पाने आपण नेहमी पाहतो त्यांना अडचण कळवावी, आणि ‘पान बिघडले आहे’ एवढेच न म्हणता कोणता रकाना दिसत नाही तेही लिहावे. नेमकी तक्रार आली की काम करणाऱ्याला रोग शोधावा लागत नाही.

आणि जी तरुण मंडळी हे काम करतात, त्यांना माझे सांगणे असे की, आपले कोष्टक आपल्या मेजावरच्या रुंद पडद्यावर पाहून समाधान मानू नका. एखाद्या स्वस्त मोबाइलवर, त्यात बार्शीटाकळी आणि नांदगाव खंडेश्वर ही खरी नावे भरून, भर उन्हात उभे राहून ते पाहा. नमुन्यादाखल भरलेल्या ‘अबक’ या नावाने कोणतेही कोष्टक ताणले जात नाही. गावांची, माणसांची खरी नावे आली की ते ताणले जाते, आणि खरी नावे असलेल्या माणसांसाठीच ते आखायचे असते.